नाकमास्तर आणि तापलेला जावई

"वास येत नाही म्हणजे नाही!"

"बाबा, दारापासून येतोय. मी आत पाऊल टाकलं तेव्हापासून येतोय."

"साबणाचा असेल."

"साबणाला वाळल्या मासळीचा वास? कुठला साबण हो हा?"

"मग चादरींचा असेल. हॉटेलच्या चादरी, कोणी काय सांडलं असेल, देव जाणे. या पॅनेलमध्ये काही नाही. ड्रायरमध्ये ओल्या चादरी कोंबतात, लोड वाढतो, फ्यूज उडतो. संपलं."

"लोड वाढलेलाच नाही. मागल्या खेपेला ड्रायर चालू असताना हा टाँग टेस्टर वायरीला लावून पाहिलाय. फ्यूजला सोसेल त्याच्या कितीतरी आत होता करंट."

"तुझ्या त्या चिमट्याला सांग, मी या खोलीत उभा होतो तेव्हा तुझा जन्मसुद्धा झाला नव्हता."

"चिमट्याचाही नव्हता झाला. म्हणून काय तो खोटं बोलतो?"

लाँड्रीच्या मागच्या अंगाला असलेल्या त्या चिंचोळ्या खोलीत बाप-लेक एकमेकांसमोर असे उभे होते की मध्ये करड्या रंगाचं पॅनेल नसतं तर कुस्तीच लागायची. दोघांच्या खांद्याला अवजारांच्या पिशव्या, दोघांच्या कानामागे पेन्सिल, दोघांची हनुवटी एकाच कोनात वर. धंदाही एकच, इलेक्ट्रिशियनचा. फरक एवढाच की बापाची पिशवी कातड्याची होती आणि लेकीच्या पिशवीची चेन कधी धड लागत नसे.

लाँड्रीच्या मालकीणबाई दारात खांद्यावर टॉवेल टाकून उभ्या होत्या. भांडण बघायला नव्हे, निकाल ऐकायला.

"तुमचं ठरलं की मला हाक मारा," त्या म्हणाल्या. "मोठा ड्रायर बंद आहे आणि हॉस्पिटलच्या चादरी डोक्याइतक्या साचल्यात. सारखा सारखा हाच फ्यूज का रुसतो, एवढं सांगा मला."

"बाई, चादरी कमी घाला. बाकी ठीक आहे," बाबा म्हणाले.

"पण ही तर म्हणतेय—"

"ही म्हणेल. माझं नाक बोललं, विषय संपला."

आणि विषय खरोखरच संपला. कारण त्या लाँड्रीत त्या नाकापुढे कोणाचं काही चालत नसे. मालकीणबाईंनी मान डोलावली, बाबांनी नवा फ्यूज बसवला, पलीकडे ड्रायर घरघरला. लेक मात्र तिथेच उभी राहिली. भिंतीपलीकडे ड्रायरमधून उडणारी कापसाची लव कोपऱ्याकोपऱ्यात साचलेली असते, शेजारी कोरड्या चादरींचे ढीग. एखादा सांधा असाच तापत राहिला, तर एक दिवस फ्यूज उडून भागणार नाही, हे तिला कळत होतं. तिला हे ओळखायला ज्याने शिकवलं तो माणूस पिशवी उचलून पुढे निघालाही होता.

त्या माणसाला सगळे नाकमास्तर म्हणत. तो काही कुठल्या शाळेत मास्तर नव्हता. तरुणपणी वायरमनच्या हाताखाली खांबावर चढला, मग कारखान्यांची, बेकऱ्यांची, शीतगृहांची पॅनेलं सांभाळली. ही लाँड्री उघडली त्या दिवशी मेन स्विच त्यानेच वर ढकलला आणि तेव्हापासून पॅनेलची किल्ली त्याच्याच कमरेला. दिसायला किडकिडीत, बोलायला तुटक, पण नाक असं की वाटावं, देवाने आधी नाक घडवलं आणि मग उरलेल्या मातीत माणूस बसवला. साबण, ब्लीच, वाफ, कांजी यांच्या गदारोळातून चालता चालता तो मध्येच थांबे, मान तिरकी करी आणि एखाद्या बंद पेटीकडे बोट दाखवी. पेटी उघडली की आत एखादा फ्यूज मुकाट तापत बसलेला असे.

लेक लहानपणी शाळा सुटली की तडक इथेच येई. ड्रायरमधून नुकत्या काढलेल्या चादरींच्या ढिगात बसून तिने पाढे पाठ केले. थंडीच्या दिवसांत त्या ढिगाइतकी ऊबदार जागा अख्ख्या जगात नव्हती. बाबा पॅनेलची खोली झाडत, आणि काम आटोपलं की तिच्यासमोर येऊन उकिडवे बसत.

"ठिणगे, डोळे मीट. हा कोण?"

मग तिच्या नाकापाशी मूठ उघडे. मुठीत कधी जुन्या वायरीचं करपलेलं कापड, कधी मोटरच्या गुंडाळीचा तुकडा, कधी जुन्या स्विचचं काळवंडलेलं बेकेलाइट. ओळखायचं ते वस्तूचं नाव नव्हे. बाबांनी प्रत्येक वासाला नातं जोडलं होतं.

"हा पाहुणा!"

पाहुणा म्हणजे तापलेली धूळ. थंडीत पहिल्यांदा हीटर लावला की येतो, थोडा वेळ बसतो, आपला आपण जातो. चहासुद्धा विचारायला नको.

"हा आजारी मामा!"

मामा म्हणजे मोटरचं वॉर्निश. हा आधी कण्हतो, मग वास सोडतो. कण्हणं ऐकलं असेल तर वासापर्यंत पाळी येत नाही.

"आणि हा... हा जावई!"

जावयाचा वास मासळीसारखा. जावई म्हणजे सैल सांधा. फ्यूज ज्या जबड्यात बसतो तो जबडा ढिला पडला, की तेवढ्या जागी ताप धरतो.

"जावयाला घट्ट धरून ठेवला तर गार असतो," बाबा सांगत. "जरा सैल सोडला की तापला. आणि आरडाओरडा करत नाही हं हा, गप्प बसून तापतो. दोष मात्र लोक फ्यूजला देतात. मग कोणी अतिशहाणा त्याहून जाडा फ्यूज आणून ठोकतो. म्हणजे तापलेला जावई तसाच, आणि घरातला राखणदार तेवढा झोपवला!"

हे व्याख्यान घरी चालू झालं की आई स्वयंपाकघरातून ओरडे, "स्वतः जावई आहात, विसरू नका!"

"म्हणून तर अनुभवाचं सांगतोय!"

जावई सापडल्यावर काय करायचं तेही त्यांनी तिथेच शिकवलं. नाक घर सांगतं, बोटं खोली सांगतात. ड्रायर भरपूर चालू द्यायचा, मग मेन खाली, टेस्टर लावून वीज खरंच गेली का बघायचं, आणि लगेच बोटांची मागची बाजू फ्यूजच्या दोन्ही टोकांना. फ्यूज अंगभर सारखा तापला असेल तर लोड बघ. एकच टोक तापलं असेल तर त्या टोकाचा जबडा बघ. आणि एक गोष्ट कधीही करायची नाही. जबड्यांना पॉलिशपेपर लावायचा नाही. त्यांच्यावर कल्हईसारखा मुलामा असतो. तो उडाला की उघडं तांबं काळं पडतं आणि दुप्पट तापतं.

"पण बाबा, किती मळकट दिसतोय तो!"

"दिसू दे. कोरड्या फडक्याने पूस आणि सोड. लग्न झालंय त्याचं, आता कशाला नटवायचा?"

या सगळ्यावर एक कायदा होता. वास नसताना आला म्हणायचं नाही, आणि आलेला गिळायचा नाही.

या कायद्यापायी तिचं एक अख्खं नाटक पाण्यात गेलं होतं. शाळेच्या नाटकात ती महाराणी झाली होती. वाक्य एकच, पण ते तिने आरशासमोर, पायऱ्यांवर, आंघोळ करताना, सगळीकडे घोटलेलं. प्रवेश आला, तिने हात उंचावला, तोंड उघडलं, आणि प्रेक्षागृहातून आवाज घुमला, "थांबा! पडदा पाडा! जावई आलाय!"

सभागृह आधी गप्प झालं आणि मग असं हसलं की खुर्च्या हलल्या. बाबा तोवर बाजूच्या जिन्याने रंगमंचावर चढले होते. दिव्यांची पेटी उघडली. सगळं थंडगार. मान तिरकी करून हुंगत हुंगत विंगेत गेले आणि कोळ्याचं काम करणाऱ्या मुलाच्या टोपलीपाशी थांबले. नाटक बसवणाऱ्या सरांनी प्रसंग खरा वाटावा म्हणून टोपलीत खरीच वाळकी मासळी भरली होती.

महाराणी त्यानंतर बरेच दिवस बापाशी बोलली नाही. शेवटी तेच तिच्या उशाशी येऊन बसले.

"महाराणी, चुकलं. माती खाल्ली. पण वास आला होता, गिळला नाही."

मोठी होऊन तिने हाच धंदा धरला, तेव्हा लोकांनी कारण विचारलं. तिने प्रत्येकाला निराळं कारण सांगितलं. खरं कारण ती टोपली होती. भरल्या सभेत हसं होईल हे माहीत असूनही उठून उभा राहणारा माणूस तिने दुसरा पाहिला नव्हता.

आणि काल तोच माणूस ढळढळीत वास नाकारून चालता झाला होता.

सकाळी ती केस पुसत स्वयंपाकघराकडे आली आणि दारातच ठसकली. दूध नुसतं उतू गेलं नव्हतं, करपून पातेल्याचा तळ काळा झाला होता. शेगडीपासून हातभर अंतरावर, टेबलाशी बाबा वर्तमानपत्र वाचत बसले होते. शांत. पान उलटत.

"अहो!" कपडे वाळत घालायला गेलेली आई धावत आली. "दूध बघा म्हणून सांगून गेले ना मी? दुनियेच्या भिंतीमागचं कळतं आणि नाकाखालचं दूध कळत नाही?"

"बातमीत गुंतलो होतो."

"कुठली एवढी बातमी? वाचून दाखवा बघू."

बाबांनी पान मिटलं. आई पातेलं आपटत मोरीकडे गेली. लेक मात्र जागची हलली नाही. तिच्या डोक्यात एकेक गोष्ट खटाखट जागेवर बसू लागली. मागल्या थंडीतला तो ताप. सर्दीने आठवडेच्या आठवडे धरलेलं अंथरूण. तेव्हापासून ताटात वरून मीठ घेणं. आईच्या केसांच्या नव्या तेलाला एकदाही नाव न ठेवणं. आणि काल, "साबणाचा असेल."

बाबा उठून गॅलरीत आपल्या अवजारांपाशी जाऊन बसले होते. ती त्यांच्यासमोर उकिडवी बसली.

"बाबा, डोळे मिटा."

"काय पोरखेळ लावलायस?"

"मिटा ना. बघू, येतं का अजून."

ते हसले. डोळे मिटले. तिने त्यांच्या नाकापाशी मूठ नेली आणि उघडली. मुठीत काहीही नव्हतं.

बाबांनी श्वास घेतला. लांब, खोल, आणखी खोल. कपाळावर आठी चढली. पापण्या मिटलेल्याच, पण त्यांच्याआड डोळे हलताना तिला दिसत होते, हरवलेली वस्तू अंधारात चाचपडावी तसे.

"जावई," ते ठणकावून म्हणाले. "हा जावई."

तिने स्वतःच्या रिकाम्या तळव्याकडे पाहिलं.

"बरोबर," ती म्हणाली.

बाबांनी डोळे उघडले आणि इतके खूश होऊन हसले की तिला त्यांच्याकडे बघवेना. तेवढ्यात आतून आईची हाक आली. लाँड्रीतून फोन होता. फ्यूज पुन्हा उडाला होता.

पॅनेलच्या खोलीत शिरताच काल होता त्याहून दाट वास तिच्या अंगावर आला. या खेपेला तिने तो शब्दात काढलाच नाही.

"आज मी उघडते."

"उघड," बाबा म्हणाले. काल एवढं भांडलेला माणूस आज बाजूला सरला. तिने नवा फ्यूज घालून ड्रायर चालवला, आणि थोड्या वेळाने तोही उडाला.

मेन खाली. टेस्टर. हँडल लावून तिने उडालेला फ्यूज ओढून काढला आणि त्यांच्यापुढे धरला. बाबांनी बोटांची मागची बाजू वरच्या टोकाला लावली. कोमट. मग खालच्या टोकाला, आणि झटकन हात मागे घेतला.

क्षणभर ते आपल्या बोटांकडे बघत राहिले.

"खालचा," ते म्हणाले. "जावई."

ती बॅटरी घेऊन वाकली. खालच्या जबड्याभोवतीचं बेकेलाइट काळवंडून त्याला भेग गेली होती. जबडा वरून काळा, आणि काळ्याच्या आडून तांब्याचा लालसर रंग डोकावत होता. त्यावर बारीक ओरखडे होते, एकासारखे एक, शिस्तीत ओढलेले. तिने बॅटरी शेजारच्या फ्यूजवर नेली. तिथेही ओरखडे. त्याच्या शेजारी. वरची रांग, खालची रांग. अख्खं पॅनेल कोणीतरी प्रेमाने घासून काढलं होतं.

पॅनेलला किल्ली एकच होती.

"बाबा, हे कोणी..."

विचारायची गरजच नव्हती. हे असे सरळ ओरखडे ओढणारा हात तिला अक्षर ओळखावं तसा ओळखता येत होता.

"ताप उतरला," बाबा म्हणाले, "आणि वास येईना. मला वाटलं, येईल. आज येईल, उद्या येईल. दर सुट्टीला इथे यायचो, एकेका फ्यूजसमोर नाक नेऊन उभा राहायचो. काही नाही. भिंतीसमोर उभं राहावं तसं. मग भीती वाटायला लागली. म्हटलं, आपल्याला कळणार नाही तर निदान कुठे मळ तरी राहू नये. स्वच्छ असलं की तापणार नाही."

"पॉलिशपेपर? तुम्ही? तुम्हीच मला शिकवलंत की—"

"मी काय शिकवलं ते मला सांगू नकोस!" ते ओरडले, आणि मग आवाज खाली बसला. "माहीत होतं गं. घासताना माहीत होतं. पण चकाकलं की बरं वाटायचं. भ्यालेला माणूस काय वाटेल ते घासत बसतो."

दारात चपला वाजल्या. मालकीणबाई.

"सापडलं का मास्तर? आज तरी काय ते सांगा."

लेकीने पटकन तोंड उघडलं. "बाई, फ्यूज ज्यात बसतात ते बेस जुने झालेत. इतकी वर्षं झाली, त्यामुळे—"

"बेस जुने नाहीत," बाबा म्हणाले. "मी बिघडवले."

"बाबा!"

"मी घासून त्यांचा मुलामा घालवला. फक्त ड्रायरचाच नाही, सगळ्यांचा. आज सगळं बंद राहील, बाई. सगळे बेस बदलायचे. त्याआधी एकही मशीन लावायचं नाही, इस्त्रीचा रोलरसुद्धा नाही. आणि काल ही खरं सांगत होती. वास होता. मला आला नाही. माझं नाक गेलंय."

मालकीणबाईंनी खांद्यावरचा टॉवेल काढला, घडी घातली, पुन्हा उलगडला.

"तरीच!" त्या म्हणाल्या. "मी साबण बदलून किती दिवस झाले. इथले सगळे नाक मुरडतात आणि तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. मला वाटलं, मास्तर एकदाचे सुधारले!"

बाबांच्या तोंडून हसू फुटलं, न बोलावलेल्या शिंकेसारखं. बाईही हसल्या. मग हॉस्पिटलला फोन करायला निघाल्या. दारात वळून म्हणाल्या, "नाक गेलं ते गेलं. पण हे काल कळलं असतं तर बरं झालं असतं, मास्तर."

बाबांनी बाह्या वर केल्या.

दिवसभर दोघं त्या चिंचोळ्या खोलीत कोपराला कोपर लावून काम करत राहिले. दुकानातून नवे बेस आले. ती बसवत होती, बाबा बॅटरी धरत होते. जबड्याची पकड बघायला ते फ्यूज घालून काढत, पुन्हा घालून काढत, आणि "हं" म्हणत. "स्क्रू एवढाही आवळू नकोस, आटे जातील," म्हणत. "पुढच्या महिन्यात आवळलेले पुन्हा बघायचे. नवं लग्न आहे, जरा सैलावतं," म्हणत. क्षणभर तिला वाटलं, मागे वळून पाहिलं तर कोपऱ्यात गरम चादरींचा ढीग असेल आणि त्यात पाढ्यांची वही. घाम पुसायच्या निमित्ताने तिने खरंच वळून पाहिलं. कोपऱ्यात जुन्या बेसचा ढीग होता, तो काळवंडलेला सोडला तर सगळे लखलखीत.

दुपार कलली तेव्हा मेन वर गेला. ड्रायर भरला, भरपूर चालवला, मग थांबवला. मेन खाली, टेस्टर. बाबांनी बोटं लावली. वरचं टोक, खालचं टोक, पुन्हा वरचं.

"सारखे," ते म्हणाले. "कोमट. तापातून उठलेल्या पोराच्या गालांसारखे."

त्यांनी मेन पुन्हा वर ढकलला, पॅनेलचं दार लावलं, किल्ली फिरवली. मग तिच्याकडे वळले.

"आता वास?"

ती डोळे मिटून हुंगू लागली. "नवा साबण. भयंकर आहे. गरम चादरी. तुमची कातडी पिशवी."

"जावई?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

बाबा किल्ली हातात घोळवत राहिले.

"मघाशी बाईंना तू म्हणालीस, बेस जुने झाले," ते हळू म्हणाले. "किती सहज म्हणालीस गं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. सकाळी तुझ्या मुठीत काही नव्हतं ना?"

तिने मान खाली घातली.

"आता इथे वास घ्यायला तुझंच नाक आहे. तू 'नाही' म्हणालीस तर मला 'नाही' धरूनच चालावं लागणार. म्हणून विचारतो, ठिणगे. मूठ रिकामी होती, तर बरोबर का म्हणालीस?"

पलीकडे कोणीतरी ड्रायर पुन्हा सुरू केला. भिंत हलकीशी थरथरू लागली. वास नसताना आला म्हणायचं नाही, हा कायदा तिने त्यांचं मन राखायला मोडला होता, आणि ते त्यांच्या तोंडावर सांगणं तिला जमेना. तिने पक्कड पिशवीत टाकली, टेस्टर टाकला, चेन ओढली. चेन अर्ध्यातच अडली. तिने ती तशीच सोडली, पिशवी खांद्याला लावली आणि बाबांच्या अंगावरून, चादरींच्या ढिगांमधल्या वाटेने बाहेर निघून गेली.